थिएटरात की घरी? मला सतत विचारले जाणारे प्रश्न

लालबागच्या चाळीत वाढले, आता भांडुपला वन बीएचकेत राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे नवा टीव्ही आला की सेटिंगला मला हाक मारतात आणि शुक्रवारी कुठला सिनेमा बघावा हेही मलाच विचारतात. दोन्ही कामं मी फुकट करते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

आधी एका वाक्यात सांगा, थिएटर बरं की घर?

ते सिनेमावर कमी आणि तुमच्या घरावर जास्त अवलंबून आहे.

गेल्या महिन्यात मी एक रहस्यपट घरी पाहायला घेतला. लांबी दोन तास वीस मिनिटं. दुपारी तीनला सुरू केला, संपला सव्वासातला. मधे इस्त्रीवाला आला. सासूबाईंची चारची गोळी झाली. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजल्या. "आई, माझा चार्जर बघितलास का?" हे दोनदा झालं आणि चार्जर दोन्ही वेळा लेकाच्या दप्तरातच होता. खुनी पकडला गेला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. सिनेमा वाईट नव्हता, पण तो मी पाहिला असं मला म्हणवत नाही. तो आमच्या घरात चालू होता, एवढंच.

रिमोट माझ्या हातात असतो, सिनेमा थांबवतात मात्र दुसरेच. थिएटरात तो कुणाच्या बापाला थांबवता येत नाही, आणि मी तिकिटाचे पैसे मोजते ते मुख्यतः यासाठी. पडदा, आवाज, एसी हे सगळं त्यानंतर. ज्यांच्या घरी दार लावून घेता येईल अशी खोली आहे आणि दार लावलं तरी कुणी वाजवत नाही, त्यांचं उत्तर वेगळं असू शकतं. मुंबईत अशी घरं किती, ते तुम्हीच मोजा.

टीव्ही आता एवढे मोठे निघालेत. फरक उरलाच कुठे?

पडद्याचं माप इंचात मोजण्यापेक्षा कोनात मोजावं. तुमच्या नजरेचा केवढा भाग पडदा व्यापतो, हे महत्त्वाचं. सिनेमासाठी साधारण ३० अंशांचा कोन बरा मानतात, थिएटरच्या मधल्या रांगांत तो त्याहून जास्त मिळतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. ३० अंश हवे असतील तर साडेसात फुटांवर बसायचं. ४३ इंची असेल तर जेमतेम सहा फुटांवर.

आणि इथे मुंबईकराचं नशीब कधी नव्हे ते उघडतं. आपल्या खोल्याच दहा बाय बाराच्या. गावाकडे माझ्या दिरांचा हॉल ऐसपैस आहे, भिंतीला टोलेजंग टीव्ही आहे आणि सोफा अठरा फुटांवर, म्हणजे तो टीव्ही त्यांना पोस्टकार्डाएवढा दिसतो. आमच्याकडे पाय लांब केले तर टीव्हीला लागतात, पण चित्र नजरेत भरतं.

एक गोष्ट मात्र घरी कधीच जमत नाही. बरेच सिनेमे २.३९ बाय १ अशा आडव्या मापात असतात आणि टीव्ही १६ बाय ९. म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पडद्याचा चौथा हिस्सा वाया जातो. त्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे. "झूम" दाबून त्या घालवू नका, बाजूची माणसं कापली जातात.

नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर दोन मिनिटांत अमलात येतं आणि समोरच्याला मी जादूगार वाटते.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चित्रित होतो. त्या वेगात एक हलकी थरथर असते आणि आपल्याला सिनेमा "सिनेमासारखा" वाटतो तो तिच्यामुळेच. टीव्ही कंपन्या क्रिकेट गुळगुळीत दिसावं म्हणून मधली चित्रं स्वतःच तयार करून भरतात. मग पैठणी नेसलेली नायिका जिन्यावरून उतरते आणि वाटतं, दुपारची मालिका लागलीय. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करायचं. सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो अशी त्याची नावं. टीव्हीत "फिल्ममेकर मोड" असेल तर तो एकच लावा, बाकी काही शोधू नका. त्यात रंग जरा पिवळट वाटतील. दोन दिवस धीर धरा, मग आधीचा निळा भडकपणा डोळ्यांना टोचायला लागेल.

संवाद कळत नाहीत आणि मारामारी मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाते.

थिएटरात पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि त्यामागे मोठे स्पीकर असतात. संवाद बहुतेक त्यांतल्या एका मधल्या स्पीकरमधून येतात. बाजूचे, मागचे, छतातले स्पीकर संगीत आणि आवाजांसाठी. घरी टीव्हीला पाठीमागे किंवा खाली तोंड केलेले दोन चिमुकले स्पीकर. पाच-सहा स्पीकरांसाठी केलेला आवाज त्या दोघांत कोंबला की पहिला बळी जातो संवादाचा.

उपाय पैशाच्या चढत्या क्रमाने सांगते. फुकटचा: ओटीटीवर ऑडिओच्या पर्यायांत "५.१" (पाच-सहा स्पीकरांचा आवाज) ऐवजी "स्टिरिओ" (दोन स्पीकरांचा) निवडा, शिवाय टीव्हीत आवाज स्पष्ट करण्याचं किंवा रात्रीचं सेटिंग असतं ते चालू करा. थोडा खर्च: साउंडबार, पण असा घ्या की ज्यात मधला स्वतंत्र स्पीकर आहे. सबवूफर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा डबा, चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये जमिनीवर ठेवू नका. खालच्या काकांच्या छताचा पोपडा पडला की तुमचा होम थिएटरचा हिशेब वाढतो.

आणि सबटायटल्स लावायला लाजू नका. मराठी सिनेमाला मराठी माणसाने इंग्रजी सबटायटल्स लावणं विनोदी आहे खरं, पण मी लावते.

फोर-के घेतलंय. आता चित्र थिएटरइतकंच ना?

ठिपक्यांच्या संख्येत जवळपास तितकंच, उलट कित्येक थिएटरांत अजून टू-के प्रोजेक्टरच आहेत. फरक दाबून भरण्यात आहे. थिएटरच्या फाइलमध्ये चित्राला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जागा मिळते, तेच ओटीटीवर फोर-के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये बसवतात. उजेडातल्या दृश्यात कळत नाही. धुकं, धूर, रात्रीचा समुद्र आला की चित्रात पायऱ्या-पायऱ्या दिसतात. खोलीतला दिवा घालवा, पडदे ओढा, निम्मं काम तिथेच होतं.

आयमॅक्स, हलणाऱ्या खुर्च्या वगैरेंचे जास्तीचे पैसे द्यावेत का?

आयमॅक्सचे, सिनेमा त्यासाठी चित्रित केला असेल तर जरूर. चर्चगेटसमोरचं इरॉस १९३८ चं, बरीच वर्षं बंद होतं, २०२४ मध्ये आयमॅक्स होऊन उघडलं. बाहेरची लाल-पिवळी इमारत बघण्यासाठी तरी एकदा जा. हलणाऱ्या खुर्च्यांबद्दल माझं मत विचारू नका. मी रोज भांडुप ते सीएसएमटी उभ्याने जाते. धक्क्यांसाठी वेगळे पैसे देणार नाही.

चौघांचं कुटुंब, खर्च किती धरायचा?

आमचा मागचा हिशेब सांगते. रविवार संध्याकाळ, मल्टिप्लेक्स, चार तिकिटं, दोन पॉपकॉर्न, एक समोसा प्लेट, पार्किंग नाही कारण रिक्षा. दोन हजारांची नोट असती तर मोडावी लागली असती आणि वर थोडे काढावे लागले असते. तेवढ्यात ओटीटीचे बरेच महिने निघतात, हे नवऱ्याने परतताना रिक्षात सांगितलंच.

पण रविवार संध्याकाळ हा सिनेमा बघण्याचा सगळ्यात महागडा मुहूर्त आहे, हे त्याला कोण सांगणार. तोच सिनेमा, तेच थिएटर, सोमवार ते गुरुवारच्या सकाळच्या खेळाला दर बराच खाली येतो. करही बघा: सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८ टक्के. सिंगल स्क्रीनचं स्टॉलचं तिकीट त्या शंभराच्या आत बसू शकतं, मल्टिप्लेक्सचं क्वचितच. ऑनलाइन बुकिंगची "सोयीची फी" वेगळी. राज्य सरकारने ती बंद करायचा आदेश काढला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द ठरवला, तेव्हा ती आता राहणारच. थिएटर घराजवळ असेल तर चालत जाऊन खिडकीवर तिकीट काढा. चौघांच्या फीमध्ये दोन कटिंग निघतात.

घरचा डबा नेता येतो का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की थिएटर ही मालकाची खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे पदार्थ आणू न देण्याचा अधिकार त्याला आहे. मात्र त्याच निकालात दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी पालकांनी आणलेलं खाणं अडवता येत नाही. पाण्याचा कूलर बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या बोळात, नजरेआड ठेवलेला असतो. विचारा, दाखवतात.

पर्समधल्या चिक्कीबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

जाहिराती किती वेळ चालतात? उशिरा गेलं तर चालेल?

मल्टिप्लेक्समध्ये तिकिटावरच्या वेळेनंतर पंधरा-वीस मिनिटं धरून चाला. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने यावर ग्राहक आयोगाकडे धाव घेतली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने त्याला भरपाई द्यायला सांगितलं. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तेव्हा तूर्त आपण गुटख्याचे दुष्परिणाम बघायचे. सिंगल स्क्रीनवर मात्र हा हिशेब करू नका. तिथे वेळ म्हणजे वेळ, उशीर झाला तर नायकाचा बाप मेलेला असतो.

सिंगल स्क्रीन अजून उरलीत का? तिथे जाण्यात काय राम?

यावर मी लांबण लावणार आहे, घाई असेल तर पुढच्या प्रश्नाकडे जा.

हिंदुस्थानात सिनेमा पहिल्यांदा लागला तो याच शहरात, ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात. तिकीट एक रुपया. दादासाहेब फाळक्यांचा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला लागला. बोलपटही पहिल्यांदा बोलला तो गिरगावातच, मॅजेस्टिकला, १४ मार्च १९३१. गिरगाव, लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड हा सगळा पट्टा म्हणजे थिएटरांची रांग होती. मिनर्व्हाला "शोले" पाच वर्षं चालला, माझ्या काकांनी तो तिथे किती वेळा पाहिला हा आमच्या घरातला वादाचा विषय आहे. ते म्हणतात एकवीस, काकू म्हणते त्यातले निम्मे वेळा ते कामावर होते.

आमच्यासाठी थिएटर म्हणजे लालबागचं भारतमाता. वडील मिलमध्ये. पहिली पाळी संपवून ते साडेतीनला यायचे, रविवारी आईला आणि आम्हाला घेऊन मराठी सिनेमाला जायचे. आमच्या खोलीत आम्ही सात माणसं. हे आज समजतं, तेव्हा नव्हतं समजत, की आईला अख्ख्या आठवड्यात स्वतःची अशी एकच जागा मिळायची, ती म्हणजे लाकडी फळीची दीड फूट खुर्ची. तिथे पंखा होता, अंधार होता, कुणाला पाणी द्यायचं नव्हतं. ती रडायची ते सिनेमाला की दुसऱ्याच कशाला, हे अंधारात कुणी विचारत नव्हतं. घरी रडायला जागा नव्हती हो. मोरीत गेलं तरी बाहेर कुणीतरी बादली घेऊन उभं.

डोअरकीपर नावाचा माणूस तेव्हा मोठा असे. बॅटरीचा उजेड पायाजवळ टाकून तो रांग दाखवायचा, चेहऱ्यावर कधी नाही. आता मोबाईलचे टॉर्च थेट डोळ्यांत येतात. त्याची ती अदब कुठल्याही साडेतीनशेच्या तिकिटात मिळत नाही.

उरलेल्यांपैकी: मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर, जिथे शाहरुख-काजोलचा तो सिनेमा ऑक्टोबर १९९५ पासून सकाळच्या खेळाला ठाण मांडून आहे. कुलाब्याचं रिगल १९३३ चं. दादरचं प्लाझा, जे मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत होरपळलं आणि पुन्हा उभं राहिलं. दादर पूर्वेला चित्रा होतं, ते २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं. शेवटच्या आठवड्यात जायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "थिएटर कुठे पळून जातंय" असं मीच म्हणाले होते.

राम कशात आहे विचारताय तर लोकांत. सिंगल स्क्रीनवर लोक पडद्याशी बोलतात. खलनायक दाराआड लपला की स्टॉलमधून कुणीतरी नायकाला ओरडून सांगतो. विनोदावर हसू येतं ते आधी पुढच्या रांगांत, मग लाटेसारखं मागे बाल्कनीपर्यंत. घरी एकट्याने तोच विनोद बघितला तर नाकातून हवा बाहेर पडते, बस्स. भीतीचंही तसंच. भयपट घरी बघितला की आपण दिवा लावतो, तिथे चारशे माणसं एकदम दचकतात आणि मग आपल्या दचकण्यालाच हसतात.

दोन महिन्यांत ओटीटीवर येणारच आहे, थांबू का?

हिंदीत मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह आठ आठवड्यांचा असतो, दक्षिणेकडचे सिनेमे पुष्कळदा चार आठवड्यांतच येतात. मोठा हिंदी सिनेमा असेल तर खुशाल थांबा, तुमच्या तिकिटाने त्याचं काही अडत नाही.

मराठीचं गणित निराळं. मराठी सिनेमाचं आयुष्य पहिल्या शुक्रवार ते रविवारात ठरतं. त्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी खेळ कमी होतात आणि दुसऱ्या शुक्रवारी उरतो तो सकाळी सव्वादहाचा नाहीतर रात्री पावणेअकराचा. मग "प्रेक्षकच येत नाहीत" म्हणायला सगळे मोकळे. मल्टिप्लेक्सने दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान मराठी खेळ लावावा असा नियम सरकारने २०१५ मध्ये केला. खेळ लावला जातो, पण तो त्या पट्ट्यात नेमका किती वाजता, हे बघत चला. दुखणं जुनंच आहे: १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा "सोंगाड्या" दादरच्या कोहिनूरवरून हिंदी सिनेमासाठी काढायला निघाले होते, तेव्हा शिवसेना मधे पडली आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. दर वेळी कुणी मधे पडेलच असं नाही. म्हणून माझा नियम: मराठी असेल तर पहिल्या रविवारच्या आत. आवडला नाही तर शिव्या द्यायचा हक्क तरी मिळतो.

मुलांना नेऊ का? प्रमाणपत्रावर काय लिहिलंय ते कळत नाही.

नोव्हेंबर २०२४ पासून "यूए"चे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. यात त्या वयाखालच्या मुलांबाबत पालकांनी ठरवायचं, दारात अडवत नाहीत. "ए" मात्र म्हणजे अठरा पूर्ण, तिथे ओळखपत्र मागतात आणि तान्हं बाळ कडेवर असलं तरी आत सोडत नाहीत. "त्याला काय कळतंय" हा युक्तिवाद मी दारात दोनदा ऐकलाय, एकदाही चालला नाही.

लहान मुलांना पहिल्यांदा नेताना मागच्या रांगेत, दाराजवळ बसा आणि कानात घालायला कापूस ठेवा. आवाज त्यांना खरोखरच जास्त होतो.

चित्र अंधुक आहे किंवा आवाज गडबडलाय. तक्रार करून काही होतं का?

होतं, पण लगेच उठलात तर. मध्यंतरापर्यंत थांबलात तर मॅनेजर म्हणतो, "मॅडम, आधी सांगायचं ना."

उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्सची गोष्ट. सिनेमा सुरू झाला, पार्श्वसंगीत घुमतंय, पाऊस पडतोय, दारं आपटतायत, पण माणसं नुसती ओठ हलवतायत. पाच मिनिटं सगळा हॉल गप्प. एकजण बायकोला म्हणाला, "आर्ट फिल्म असेल." मी बाहेर जाऊन सांगितलं की मधला स्पीकर बंद आहे. पोराने माझ्याकडे असं बघितलं की मी विमान दुरुस्त करायला आलेय. तरी वर फोन केला, दहा मिनिटांत संवाद आले आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. परत आत गेले तर तो मघाचा नवरा जरा निराश दिसला.

अंधुक चित्राला एक नेहमीचं कारण असतं: आधी थ्री-डी खेळ झालेला असतो आणि प्रोजेक्टरवरची थ्री-डीची जोडणी काढायची राहून जाते. एवढंच सांगा, "थ्री-डीचं काढलंय का बघा." पुष्कळदा तेवढ्याने उजेड पडतो.

शेजारचा मोबाईल बघत बसला तर?

एकदा हळू आवाजात सांगा. दुसऱ्यांदा स्टाफला सांगा. तो पडद्याचं चित्रण करत असेल तर प्रकरण वेगळं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला तीन महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि किमान तीन लाख दंड आहे. स्टेटससाठी पंधरा सेकंद घेणाऱ्या भाच्यालाही हे सांगून ठेवा.

सासूबाईंना न्यायचंय, पण गुडघे...

न्या. बुकिंग करताना मधली नाही, कडेची खुर्ची, आणि जिथून दार आत उघडतं त्या पातळीवरची रांग घ्या. ती कुठली हे आधी फोन करून किंवा खिडकीवर विचारा, कारण काही हॉलमध्ये दार खाली असतं, काहींत वर. शाल विसरू नका. मध्यंतराच्या दोन मिनिटं आधी बायकांच्या स्वच्छतागृहाकडे निघा, मध्यंतर झाल्यावर ती रांग गणपतीच्या नवसाच्या रांगेला मागे टाकते. आमच्या सासूबाई सहा वर्षांनी थिएटरात आल्या, सिनेमाबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण खुर्ची मागे कलते हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून झालं.

एकटीने जायला विचित्र नाही वाटत?

पहिल्या वेळी वाटलं. खिडकीवरच्या मुलाने "एकच?" असं दोनदा विचारलं. आत गेल्यावर कळलं, बुधवारी सकाळच्या खेळाला निम्मे लोक एकटेच असतात. एक निवृत्त गृहस्थ, दोन कॉलेजची पोरं लांब लांब बसलेली, आणि माझ्यासारख्या तीन-चार बायका, प्रत्येकीची पर्स शेजारच्या खुर्चीवर. कुणी कुणाकडे बघत नाही. फोन मी बंद करते, सायलेंट नाही, बंद. घरी चिठ्ठी असते: डाळ ओट्यावर, पोळ्या डब्यात, मीठ मिठाच्याच बरणीत.

रात्रीचा खेळ बघितला तर घरी कसं पोचायचं?

तिकीट काढताना सिनेमाची लांबी अधिक जाहिराती अधिक मध्यंतर अशी बेरीज करा आणि शेवटच्या लोकलची वेळ ॲपवर बघा. साडेबारा-एकच्या सुमारास गाड्या संपतात. पावणेअकराचा खेळ असेल तर परतीचे रिक्षाचे पैसे तिकिटातच धरा.

सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून सगळ्यांनी बघितला तर?

माझ्या लहानपणी गणपतीत गल्लीत पडदा लागायचा. आम्ही पोरं उशिरा पोचलो की पडद्याच्या मागच्या बाजूने बघायचो. नावं उलटी दिसायची, नायक डावखुरा व्हायचा, बाकी फरक पडत नसे. तेव्हा ही कल्पना मला आवडतेच, फक्त तीन गोष्टी बघा.

आपल्या ओटीटीचं वर्गणीखातं घरगुती वापरापुरतं असतं. अख्ख्या सोसायटीला दाखवायचं तर सिनेमाच्या हक्कदाराकडून परवानगी घ्या. छोट्या मराठी सिनेमाचे निर्माते पुष्कळदा आनंदाने देतात, आम्हाला एकांनी स्वतः येऊन बसायचीही तयारी दाखवली. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणजे सिनेमा साडेसातला सुरू झालाच पाहिजे, आणि तेव्हा मे महिन्यात पुरता अंधारही झालेला नसतो, म्हणून डिसेंबर-जानेवारी बरा. तिसरं, पडदा. पांढरी चादर नुसती वरून टांगली की गच्चीवरच्या वाऱ्याने फुगते आणि नायिकेला पोट सुटतं. खालच्या काठाला शिवण घालून त्यात बांबू सरकवा आणि दोन्ही टोकं पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधा. सुतळी जाड घ्या.